मशीनवरचं टेबल

मागे एका वाचक भगिनीचं पत्र आलं होतं. गोड्या मसाल्याच्या लेखाबद्दल चार ओळी, मुलीच्या परीक्षेबद्दल दोन ओळी, आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून विचारावा तसा एक प्रश्न: “तुम्ही लिहायला कुठे बसता हो? आजूबाजूला काय काय असतं? उगीच, डोळ्यांसमोर आणायचं म्हणून विचारते.”

वाचून आधी मला हसूच आलं. म्हटलं, बाई गं, मी काय मोठी लेखिका का, की माझ्या टेबलाची कुणी चौकशी करावी? आठवड्याला एक लेख, तोही कधी लोणच्याच्या बुरशीवर, कधी माळ्यावरच्या पसाऱ्यावर. पण उत्तर लिहायला घेतलं आणि हात थांबला. कारण नेमकं त्याच सुमाराला आमच्या घरी त्या टेबलाचं रामायण होऊन गेलं होतं. आज तेच सांगते. रडगाणं म्हणून नाही. त्यातून तुम्हाला घेण्यासारखं काही आहे असं वाटतं म्हणून.

आणि एक कबुलीही द्यायची आहे. दिवाळीनंतर दोन आठवडे हे सदर आलं नव्हतं. ‘लेखिकेची प्रकृती बरी नसल्यामुळे’ असं त्या जागी छापलं होतं. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी काळजीने विचारलं, कुणी काढ्याची कृतीही पाठवली. मैत्रिणींनो, मी आजारी नव्हते. मला लिहिताच येत नव्हतं.

आता पहिल्यापासून सांगते.

माझं लग्न झालं १९८० साली. डोंबिवलीत दोन खोल्या, माणसं सहा. तिथे कुठलं आलंय टेबल! दुपारी दोन ते चार, नळाला पाणी येईपर्यंतचा जो वेळ असे, त्यात मांडीवर पाट घ्यायचा आणि लिहायचं. १९९१ साली माझी आई गेली. तेराव्यानंतर भाऊ म्हणाला, “ताई, आईच्या पाटल्या आहेत, त्या तू घे.” मी म्हटलं, “पाटल्या वहिनीला राहू देत. मला आईचं शिवणाचं मशीन दे.” भाऊ बघतच राहिला. पण ऐकलंन. सांगलीहून एस.टी.च्या टपावर टाकून ते पायमशीन स्वतः घेऊन आला.

मशीन आतल्या बाजूला दुमडलं आणि वर फळी टाकली, की छान टेबल होतं. खाली लोखंडी पाय आणि पायट्याची जाळी. लिहिताना विचार अडला की माझे पाय आपोआप पायट्यावर हलायला लागतात. वर काही शिवलं जात नाही, पण खाली चाक फिरत असतं. आमचे हे म्हणतात, “आज लेख उसवलेला दिसतोय, मशीन फार चालू आहे.”

या मशीनवर आईने आजूबाजूच्या बायकांची पोलकी, परकर, बाळांची झबली-टोपडी शिवली, आणि त्यातून आम्हा तिघा भावंडांच्या फिया भरल्या. अजूनही पाऊस लागला की त्याच्या खणातून मशीनच्या तेलाचा वास येतो. तो वास आला की मला कंटाळा करायची लाज वाटते. एवढंच त्याचं काम.

टेबलावर काय असतं, ते सांगू? एक दगडी बत्ता. त्याचा खल केव्हाच फुटला, बत्ता तेवढा कागदांवर वजन म्हणून राहिला. तो माझ्या सासूबाईंचा. माझं लिहिणं त्यांना आवडायचं की नाही, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण मी लिहायला बसले की स्वयंपाकघरातून आलं ठेचल्याचा आवाज यायचा, आणि थोड्या वेळाने चहाचा कप न बोलता माझ्या शेजारी येऊन बसायचा. माझ्या पहिल्या पंधरा वर्षांचं लिखाण त्या आवाजावर झालेलं आहे.

दुसरा एक कान तुटलेला कप. त्यात पेनं, पेन्सिली आणि एक क्रोशाची सुई. १९८३ साली पहिल्या लेखाच्या मानधनाची मनीऑर्डर आली, तिचे मी सहा कप आणले होते. पाच फुटले. हा एक कान गमावून उरला.

तिसरं एक पोस्टकार्ड, भिंतीला टाचलेलं. एका बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं की, गिरणीत दळणाचा नंबर येईपर्यंत तुमचा लेख डब्यावर बसून वाचला, पीठ सांडलं तरी कळलं नाही. पत्ता पावसात भिजून पुसला होता, म्हणून उत्तर देता आलं नाही. दर आठवड्याला लिहिते ते त्या बाईंना उत्तर, असं मी मनाशी धरून चालते.

आणि चौथी, खणातली, आईची मापांची वही. लाल पुठ्ठ्याची, लांबट. तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण अक्षर टपोरं. एकेका पानावर एकेका बाईचं नाव आणि खाली मापं: छाती ३६, उंची १४, बाही ९. ही झाली मापं. पण त्यांच्या कडेला आई बारीक अक्षरात आणखी काहीबाही लिहून ठेवायची. ‘सहावा महिना. शिलाईत कापड सोडणे.’ ‘पैसे मागू नयेत. नवऱ्याची नोकरी सुटली.’ ‘बाही लांब हवी म्हणाली. दंडावर वळ.’ आणि एका पानावर तर नुसतं एवढंच: ‘हिचं माप दर खेपेला कमी होतंय.’

सांगा, याहून मोठी गोष्ट मी काय लिहिणार? लेख लिहायला बसायच्या आधी मी त्या वहीचं एखादं पान उघडायची. देवाला नमस्कार करावा तसं नव्हे. माप घ्यावं तसं. आपण ज्या बायकांसाठी लिहितो, त्यांच्या अंगाला आपलं लिहिणं बसतंय का, की उगीच कुठेतरी काचतंय, ते पाहायला.

तुम्ही म्हणाल, एवढ्या तेवढ्या वस्तूंचं काय एवढं? मीही स्वतःला तेच म्हणत असे. पण मोठमोठ्यांची टेबलं पाहिली की धीर येतो. लहान मुलांसाठी ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ लिहिणारे इंग्लंडमधले रोआल्ड डाल बागेतल्या एका झोपडीवजा खोलीत जाऊन लिहीत. जुनी आरामखुर्ची, तिच्या हातांवर आडवी टाकलेली फळी, आणि शेजारच्या टेबलावर काय, तर स्वतःच्याच मांडीच्या हाडाचा गोळा! खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काढलेला. त्याच्याजवळ एक चंदेरी गोळा. तरुणपणी एका तेल कंपनीत नोकरीला असताना रोज खाल्लेल्या चॉकलेटची चांदी एकावर एक गुंडाळून केलेला. आपल्याकडे कुणी टेबलावर हाड ठेवलं असतं तर आधी गोमूत्र शिंपडलं असतं!

त्याहून मजेदार गोष्ट आहे जर्मन नाटककार शिलरची. आपलं ‘शाकुंतल’ ज्याने वाखाणलं तो महाकवी गटे एकदा शिलरच्या घरी गेला. शिलर बाहेर गेलेला. म्हणून गटे त्याच्याच टेबलाशी बसून काही टिपणं करायला लागला, तर थोड्या वेळात त्याला घेरीच यायला लागली. वास कसला येतोय म्हणून शोधतो, तर टेबलाच्या खणात कुजकी सफरचंदं! गटे खिडकीशी जाऊन मोकळ्या हवेत उभा राहिला. तेवढ्यात शिलरची बायको आली. तिने शांतपणे सांगितलं की, खण तसाच भरलेला लागतो, त्या वासाशिवाय ह्यांना लिहिता येत नाही. ही हकीगत पुढे गटेनेच सांगितली आहे.

यात मला शिलरचं नवल वाटत नाही, त्याच्या बायकोचं वाटतं. घरात कुजकी फळं ठेवून घेणारी बाई! पण ती ती फेकून देत नव्हती, कारण ती कशासाठी आहेत हे तिला ठाऊक होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आमचं रामायण.

आमची जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला गेली होती. तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढली आणि गेल्या दसऱ्याला नव्या घरात आलो. खोकी अजून सुटायची होती, तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मी पंधरा दिवस नाशिकला गेले. दिवाळीच्या तोंडावर परत आले, तर दारातच सूनबाईने माझे डोळे झाकले. “आई, सरप्राइज!”

आमच्या खोलीच्या खिडकीशी नवं कोरं टेबल. पांढरंशुभ्र, वर काच, बाजूला तीन खण, मान वळवता येणारा दिवा आणि चाकाची खुर्ची. तिच्या बोनसमधून आणलेलं. “इतकी वर्षं मशीनवर वाकून लिहिलंत. आता तरी पाठ सरळ ठेवून लिहा,” म्हणाली. मुलगा मागे हसत उभा. नातू खुर्चीवर गरगर फिरतोय. मी काय बोलणार? “छान आहे हो,” म्हटलं. आणि खरंच छान होतं. यात कुणाचा काही दोष होता असं मी आजही म्हणणार नाही.

मशीन बाल्कनीत होतं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोरी बांधलेलं. बत्ता, कप, पोस्टकार्ड एका खोक्यात. वही मात्र कुठेच नव्हती. तीन दिवस मी सहज म्हणून शोधत राहिले. मग जेवताना, भात वाढता वाढता, विचारलं, “एक लाल पुठ्ठ्याची जुनी वही होती गं मशीनच्या खणात?”

“ती कसर लागलेली?” ती म्हणाली. “आई, तिची पानं सुटत होती. आत नुसते आकडे होते. मला वाटलं जुना हिशोब आहे. ती रद्दीत गेली.”

मी भात वाढला. वरण वाढलं. काही बोलले नाही.

मैत्रिणींनो, न बोलण्याचे प्रकार तुम्हाला मी सांगायला नकोत. आमच्यात अबोला नव्हता. मीठ दे, दूध बघ, दाराची कडी लाव, सगळं चालू होतं. पण घरात बंद पडलेल्या घड्याळासारखं काहीतरी झालं होतं. मी त्या काचेच्या टेबलाशी बसायची आणि कोऱ्या कागदाकडे पाहायची. पायाखाली पायटा नाही. काचेत माझंच तोंड दिसे. एक लेख चुकला, दुसरा चुकला. संपादकांच्या कार्यालयातून फोन आला तेव्हा मी प्रकृतीचं निमित्त सांगितलं. मनातून मला वाटत होतं, आता हे सदर बंदच करावं. वय झालं. काय ते उगीच.

आणि खरं सांगू? मी मनातल्या मनात सुनेवर खटला भरला होता. आजकालच्या मुलींना जुन्याची कदर नाही, वगैरे वगैरे. साक्षीदारही मीच, न्यायाधीशही मीच.

एका रात्री एक वाजता पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात उजेड. पाहते तर सूनबाई ओट्याशी उभी, कणकेचा मोठा डबा पालथा घालून त्यावर लॅपटॉप ठेवलेला, कानात यंत्र, आणि हळू आवाजात इंग्रजीत कुणाला तरी समजावून सांगते आहे. तिचं काम अमेरिकेतल्या लोकांबरोबर, त्यांचा दिवस तो हिची रात्र. आत मुलगा झोपलेला, हॉलमध्ये नातू झोपलेला, आमच्या खोलीत आम्ही. म्हणून ही ओट्याशी. मी विचारलं, “रोज इथेच?” तर म्हणाली, “इथे कुणाची झोपमोड होत नाही.”

पाट मांडीवर घेऊन लिहिणारी मी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. या मुलीने बोनसमधून टेबल आणलं ते माझ्यासाठी. स्वतःसाठी कणकेचा डबा.

तिचं बोलणं संपेपर्यंत मी आलं ठेचून चहा टाकला. मग आम्ही दोघी ओट्याला टेकून चहा प्यायलो आणि मी तिला त्या वहीबद्दल सांगितलं. सहावा महिना, दंडावरचा वळ, दर खेपेला कमी होणारं माप. ती ऐकत राहिली. डोळे भरले तिचे. पण रागही आला, आणि तो बरोबरच होता. म्हणाली, “आई, बारा वर्षं झाली मला या घरात येऊन. हे तुम्ही एकदा तरी सांगितलंत का? मला कसं कळणार होतं?”

मी निरुत्तर झाले. चाळीस वर्षं मी परक्या घरांतल्या बायकांना घरगुती गोष्टी सांगते आहे, आणि घरातल्या बाईला माझ्या खणात काय आहे ते सांगितलं नव्हतं. वस्तू बोलत नाहीत हो. बत्ता हा दुसऱ्याला बत्ताच दिसणार आणि मापं ही आकडेच दिसणार. त्यांच्यात जे आहे ते आपल्या डोक्यात असतं, आणि आपण ते तसंच घेऊन बसतो. वर पुन्हा रुसतो, की कुणाला कदर नाही.

दुसऱ्या दिवशी ती रद्दीवाल्याकडे जाऊन आली. माल केव्हाच गोडाऊनला गेला होता. वही काही मिळाली नाही. ती मिळाली असती तर गोष्ट गोड झाली असती, पण नाही मिळाली. अजूनही खण उघडला की हात आधी तिथेच जातो.

पुढे मी जरा शोधाशोध केली, की ज्यांची टेबलं आणि वस्तू आज काचेच्या कपाटात जपलेल्या आहेत, त्या इथवर टिकल्या कशा? तर बहुतेक ठिकाणी मध्ये कुणीतरी घरचं माणूस उभं आहे.

जेन ऑस्टेनचं घ्या. तिच्याकडे उतरत्या झाकणाची एक लाकडी लेखनपेटी होती. ती वडिलांनी तिला दिली असं मानतात. १७९८ च्या ऑक्टोबरात प्रवासात एका खाणावळीत ही पेटी चुकून दुसऱ्याच घोडागाडीत चढली आणि बंदराच्या वाटेला लागली. जेन तेव्हा अवघी बावीस वर्षांची. लगोलग मागे घोडेस्वार पिटाळला, तेव्हा दोनतीन मैलांवर ती सापडली. जेनने बहिणीला पत्रात लिहिलं, की आपली सगळी दौलत, सात पौंड, त्या पेटीत होती! जेन १८१७ साली गेली. त्यानंतर ही पेटी त्यांच्या घराण्यात हातोहात सांभाळली गेली आणि १९९९ साली त्याच घराण्यातल्या कॅनडात राहणाऱ्या एका वंशज बाईंनी ती ब्रिटिश लायब्ररीला दिली. जवळजवळ १८० वर्षं एकाने दुसऱ्याला सांगत गेलं असेल ना, की ही नुसती पेटी नव्हे?

अमेरिकेतली एमिली डिकिन्सन तर आपल्यातलीच वाटावी. घरच्या पावाचं पीठ मळणारी. १८५६ साली गावच्या प्रदर्शनात तिच्या पावाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. तिचं लिहिण्याचं टेबल जेमतेम दीड फुटाचं. लिहायला जे हाताशी येईल ते घ्यायची. पाकिटाची मागची बाजू, चॉकलेटचा कागद. एक कविता तर खोबऱ्याच्या केकच्या कृतीमागे लिहिलेली सापडली आहे. ती १८८६ साली गेली. धाकटी बहीण लॅव्हिनियाने त्या काळच्या रीतीप्रमाणे तिला आलेली पत्रं जाळली. पण आवराआवर करताना तिला वह्या सापडल्या, एमिलीने कागद दुमडून सुईदोऱ्याने टाचलेल्या, चाळीसच्या आसपास. लॅव्हिनिया काही कवी नव्हती. पण हे जाळायचं नाही, एवढं तिला कळलं. एमिलीच्या जवळजवळ १८०० कविता आज जगाला मिळाल्या त्या त्या एका क्षणामुळे. हयातीत छापल्या गेल्या होत्या जेमतेम दहा.

आणि आपल्या बहिणाबाई! त्यांना ना टेबल, ना पेन. अक्षरओळखच नव्हती. जातं, चूल आणि जळगावकडचं शेत, हीच त्यांची लिहिण्याची जागा. त्या जात्यावर, शेतात गात राहिल्या आणि मुलगा सोपानदेव, आणि नात्यातले पितांबर, ती गाणी कागदावर उतरवून घेत राहिले. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. घरातल्याच कुणी ‘आई काय, गातच असते’ म्हणून सोडून दिलं असतं तर?

१९२९ साली व्हर्जिनिया वुल्फने लिहून ठेवलं, की बाईला लिहायचं असेल तर स्वतःची खोली आणि थोडा स्वतःचा पैसा हवा. खरं आहे. पण आपल्यापैकी कितीजणींना खोली मिळते? कोपरा मिळाला तरी खूप. आणि त्या कोपऱ्यातलं सामान कशासाठी आहे, हे घरात दुसऱ्या एका तरी माणसाला माहीत हवं. असं एक माणूस असलं की चार भिंती नसल्या तरी चालतं.

मग आम्ही काय केलं, ते सांगते. मशीन परत खिडकीशी आलं. पांढरं टेबल हॉलच्या कोपऱ्यात गेलं, मध्ये जाड पडदा लावला, आणि ते सूनबाईचं झालं. आधी नको नको म्हणत होती. मग एका रविवारी तिने कपाटातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं आणि त्या टेबलावर ठेवलं. पाहते तर एस.टी.च्या कंडक्टरचा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. तिच्या वडिलांचा. ते जाऊन नऊ वर्षं झाली. “याचा टकटक आवाज आला की बाबा जेवायला आले असं कळायचं,” म्हणाली. नऊ वर्षं तो चिमटा आमच्या घरात होता आणि मला ठाऊक नव्हता. मी तरी कुठे विचारलं होतं?

एका दुपारी तिने मला नवी लाल वही आणून दिली. म्हणाली, “आठवतील तेवढी पानं लिहून काढा.” बसले. एकूण अकरा बायका आठवल्या, मापं कमी, कडेची टिपणं जास्त. बाकीच्या गेल्या. त्या अकरा पानांनंतर तिसऱ्या दिवशी मी हे सदर पुन्हा लिहायला घेतलं.

आता व्यवहाराचं थोडं, कारण आपलं पान शेवटी घरकामाचं आहे.

तुमच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्याशेजारी, फडताळात अशा ज्या वस्तू असतील, त्यांच्यासाठी वहीच्या पानाची चिठ्ठी करा. कुणाची, केव्हाची, का ठेवली, एवढ्या तीन ओळी पुरेत. चिठ्ठी वस्तूच्या खाली किंवा आत ठेवा. आणि नुसती लिहून ठेवू नका, घरात एकाला तोंडीही सांगा.

जुन्या वह्या आणि पत्रं यांच्या पानापानाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मुलांना सांगितलंत तर तासाभरात होतं. मी एवढं केलं असतं तर आज माझी वही हातात नसली तरी आईचं अक्षर तरी डोळ्यांसमोर असतं.

फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागदावर डाग सोडते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, आपल्या दमट हवेत बुरशी धरते. सुती फडक्यात गुंडाळा, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला सोबत ठेवा आणि तो मधूनमधून बदला. पावसाळ्यानंतर एकदा सगळं बाहेर काढून वारं द्या. मात्र उन्हात ठेवू नका, शाई उडते. ओलीच्या भिंतीला टेकून कपाट नको, हे वेगळं सांगायला नको.

शाईचं पेन असेल तर ते साध्या पाण्याने धुवा, कढत पाण्याने नव्हे. उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डावीकडून येईल असं बसा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. टेबल नसेल तर माझ्यासारखं मशीन, नाहीतर पाट. पण जागा ठरलेली असू द्या. मग घरालाही सवय होते, की ही इथे बसली म्हणजे कामात आहे.

तर त्या पत्र लिहिणाऱ्या बाई, मिळालं का तुमच्या प्रश्नाचं उत्तर? मी खिडकीशी बसते, आईच्या मशीनवर. डाव्या हाताला सासूबाईंचा बत्ता, समोर बिनकानाचा कप, भिंतीला तुमच्यासारख्याच एका बाईंचं पोस्टकार्ड. प्रत्येकाखाली आता एकेक चिठ्ठी आहे. खणात नवी लाल वही. तिची अकरा पानं भरलेली, बाकी कोरी. पडद्यापलीकडून कधीकधी चिमट्याचा टक असा आवाज येतो. तेव्हा समजायचं, सूनबाईचं काम अडलंय.

तुमच्या कोपऱ्यात काय आहे, ते मला जरूर कळवा. पण त्याआधी ते आज संध्याकाळी घरात कुणाला तरी सांगा.

पुढच्या आठवड्यात भेटू या. बऱ्याच जणींनी विचारलंय, म्हणून तेव्हा चिनी मातीच्या बरण्या आणि त्यांची झाकणं.